ऑपरेशन नको म्हणणारी बाई

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ जुलै २०२५

ती. यशोदाअक्कास,
गंगाधरचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि सूनबाईकडे निरोप द्यावा तर सई धांदलीत अर्धाच पोचवते. म्हणून हे पत्र.

तुझा भाऊ पेशंट झाला आहे. इथल्या एका मेडिकल कॉलेजात मोठा हॉल आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी खऱ्या माणसावर हात चालवायच्या आधी खोट्यावर चालवावा म्हणून तिथे रबराची पोटं, प्लॅस्टिकचे हात असं सगळं मांडून ठेवलंय. त्याला सिम्युलेशन म्हणतात, आपण सोंग म्हणू. तिथल्या उर्वी मॅडम सर्जन आहेत. त्यांचं म्हणणं, रबर घाबरत नाही, काही विचारत नाही, त्यामुळे मुलं टाके घालायला शिकतात आणि माणसाशी बोलायचं विसरतात. त्यावर त्यांनी तोड काढली. खाटेवर जिवंत माणूस झोपवायचा, त्याच्या हातावर कातडीसारखा रबराचा तुकडा पट्ट्यांनी बांधायचा, भोवती हिरवं कापड टाकायचं. टाके रबरावर, बोलणं माणसाशी. तो माणूस मी. शाळेत इतकी वर्षं गॅदरिंगची नाटकं बसवली, ती अशी कामाला आली. तुझी भावजय गेल्यापासून घर खायला उठतं, तेवढाच वेळ जातो.

माझी भूमिका ऊस तोडताना कोयता लागलेल्या शेतकऱ्याची. मध्येच घाबरून विचारायचं, "डॉक्टर, बोटं हलतील ना माझी?" हाताचे गुण मॅडम देतात, बोलण्याचे मी. अनीश नावाचा मुलगा इतकं गोड बोलतो की जखम विसरावी, पण त्याच्या हातून सुई सारखी खाली पडते. पूनमचं उलट. सांगोल्याकडची धनगराची पोर. टाके असे घालते की बघत राहावं. पण तोंडातून शब्द नाही. मी कण्हलो, बोटांचं विचारलं, पुन्हा विचारलं. ती आपली मान खाली घालून टाके घालतेय. मी बोलण्यात शून्य दिलं. नंतर बाहेर गाठून कारण विचारलं तर पुटपुटली, "सर, काय बोलायचं असतंय?" मी सवयीने म्हटलं, असतंय नाही, असतं. त्यानंतर मला बघितलं की ती दुसऱ्या जिन्याने जाते.

तुझी तब्येत कळव.

तुझा,
गंगाधर


करकंब
२६ जुलै २०२५

चि. गंगाधरास अनेक आशीर्वाद.

तू पेशंट झालास हे वाचून छातीत धस्स झालं. पुढं चार ओळी गेल्यावर कळलं की सोंग आहे. असं काही असलं तर पहिल्याच ओळीत नीट सांगत जा. माझं वय काय आता.

त्या पोरीचं काही चुकलेलं नाही, तुझं चुकलंय. तिनं "असतंय" म्हटलं तर टाका उसवतो का? करकंबच्या बाजारात सगळे न्हाय-व्हय करतात आणि सगळे व्यवहार होतात की. उद्या ती ज्याच्या हातावर टाके घालणार तो काय तुझ्या वर्गात बसलेला असणार आहे? मास्तर होतास तेव्हा होतास, आता पेशंट आहेस तर पेशंटासारखा वाग. शून्य खोड आणि तिला तिच्या बोलीत बोलू दे. मला वाटतं, तिला बोलायचं लई असेल, कुणीतरी मागेच तिचं तोंड बंद केलं असेल. तू त्यावर कडी घातलीस.

माझं ठीक आहे. देवळातली सकाळची झाडलोट आता सई करते. मला फार वेळ उभं राहवत नाही, गुडघे धरतात. श्रावणात तुझ्याकडे येणार होते, पण बसचा प्रवास नको वाटतो. पुढं बघू.

जेवण वेळेवर करत जा.

यशोदा


सोलापूर
३० ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून दोन दिवस चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी पूनमला कँटीनमध्ये चहाला नेलं आणि सांगितलं की माझ्या थोरल्या बहिणीने मला रागे भरलंय. ती आधी घाबरली, मग हसली. मग हळूहळू बोलली. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून ती म्हणाली होती, "पेशंटला आदी इचारलं पायजे," आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून हातांनी होईल तेवढं करायचं, बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. होस्टेलच्या खिडकीच्या गजांना दोरे बांधून ती गाठी मारत बसते. मी म्हटलं, "माझ्या अक्काचं ऐक. तुझ्या बोलीत बोल, मी चुका काढणार नाही."

परवा तिचा नंबर आला. मी कोयता लागलेला हात धरून कण्हत पडलो होतो. तिने आधी खुर्ची ओढली आणि माझ्या तोंडासमोर बसली. म्हणाली, "बाबा, लई दुखतंय व्हय? आदी ह्ये इंजेक्शन देती, मुंगी चावल्यावानी हुईल, मग दुखायचं न्हाय. बोटं हलवून दावा बरं. हलत्यात की. मी काम करत बोलत ऱ्हाती, तुमी बी बोला." अक्का, मी ऊस, कोयता सगळं विसरलो आणि तुझ्या भावजयीच्या शेवटच्या दुखण्याबद्दल बोलत सुटलो. तिच्या दवाखान्यातल्या कुणी शेवटपर्यंत माझ्याकडे बघून दोन वाक्यं बोललं नव्हतं, ते सगळं. पूनमने हात थांबवला, ऐकून घेतलं आणि जरा वेळाने विचारलं, "चालू करू का बाबा?"

मॅडमनी टाके तपासले, ते नेहमीसारखेच होते. मी बोलण्याचे किती गुण दिले ते तू विचारू नकोस.

आता पुढचा धडा सुरू होतोय, ऑपरेशनला नाही म्हणणारा पेशंट. मुलांनी त्याला धाक घालायचा नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही. नकार का आहे ते आधी शोधायचं. मॅडमच्या मते सुरी धरण्याइतकीच ही शिकायची गोष्ट आहे.

गुडघ्यांना तेल लावतेस ना?

गंगाधर


करकंब
२० सप्टेंबर २०२५

चि. गंगाधरास आशीर्वाद.

भावजयीबद्दल तू कधी बोलला नव्हतास. त्या पोरीशी बोललास, बरं झालं.

एक विचारायचं होतं. तो जो नाही म्हणणारा पेशंट, तो बाई असेल तर पोरं तिला काय सांगतात? आणि दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नसेल तर? पुरुष डॉक्टरपुढंच जावं लागतं का? म्हाताऱ्या माणसाला टेबलावर काही होतं का, आणि होत असेल तर तसं खरं सांगतात का? आमच्या शेजारी एक बाई आहे, तिच्यासाठी विचारते आहे. तिनं घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

तू लहान होतास, तुला आईचं आठवत नसेल. सकाळी तिला ऑपरेशनला आत नेलं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. कुणी काही सांगेना. दुपारी डॉक्टर बाहेर आले, आपल्या वडिलांकडे बघून मान हलवली आणि तसेच पुढं गेले. आत काय झालं, तिला काही कळत होतं का, तिनं कुणाचं नाव घेतलं का, ते मला आजवर ठाऊक नाही. त्यामुळं तुझ्या मॅडम म्हणतात ते मला पटतं.

सवडीनं उत्तर दे. घाई नाही. पण विसरू नकोस.

यशोदा


सोलापूर
५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

तुझ्या शेजारणीचे प्रश्न मी उर्वी मॅडमना जसेच्या तसे विचारले. त्यांचं उत्तर असं. बाई डॉक्टर मागता येते, त्यात संकोच करू नये. म्हातारपणी धोका थोडा वाढतो, पण रक्त, हृदय तपासून तो कितपत आहे हे आधी कळू शकतं आणि ते खरंच सांगायला हवं. कित्येकदा फक्त कमरेखालचा भाग बधिर करतात, माणूस जागं असतं. आणि नको म्हणण्याचा हक्क शेवटपर्यंत पेशंटचा असतो.

तुझ्यासारखी शेजारीण मिळाली हे त्या बाईचं भाग्य. स्वतःचे गुडघे दुखत असताना तू दुसऱ्याची काळजी वाहतेस.

भाऊबीजेला मी करकंबला येतो आणि परतताना तुला घेऊन येतो. मोटार करू, बस नको. कॉलेज उघडलं की माझं सोंग बघायला चल.

गंगाधर


करकंब
१८ नोव्हेंबर २०२५

चि. गंगाधरास आशीर्वाद.

आठ दिवस राहायला आले आणि कॉलेजातून परतल्यावर दुसऱ्या सकाळी निघून आले. तू कारण विचारलंस, मी देवळाचं निमित्त सांगितलं. रागावला असशील. आता सगळं लिहिते. तोंडानं सांगणं मला जमलं नसतं.

त्या दिवशी पेशंटचं सोंग करणारी नेहमीची बाई तापानं आली नाही आणि मॅडमनी मलाच विचारलं, "यशोदाबाई, बसाल का?" तू तर हौसेनं मला पुढंच ढकललंस. पित्ताशयात खडे झालेली, ऑपरेशन नको म्हणणारी बाई मी व्हायची. तुम्ही सगळे काचेपलीकडं बसून ऐकत होता. पूनम माझ्यासमोर बसली. मला ऐकायला कमी येतं हे तिला तू सांगितलं होतंस, म्हणून ती ओठ दिसतील अशी, सावकाश बोलत होती. तिनं विचारलं, "आजी, कशाचं भ्या वाटतंय?" मला पित्ताच्या खड्यांचं काही बोलायचं सुचेना. मी आईचं सांगितलं. तू ते ओळखलंस, पण मी ते नाटकात वापरलं असं तुला वाटलं. मी विचारलं, "मी टेबलावर गेले तर?" ती म्हणाली, "तसं हुतच न्हाय, असं मी सांगनार न्हाय. क्वचित हुतं. तुमच्या बाबतीत किती भ्या हाय त्ये तपासून सांगू. आन आत काय चाललंय त्ये तुमाला बी कळंल आन भाईर बसलेल्यास्नी बी."

मग वेळ संपल्याची घंटा झाली. मॅडम म्हणाल्या, तुमचा अभिनय फार खरा होता. तू सगळ्यांकडं अभिमानानं बघत होतास. मला तिथून कुठं जाऊ असं झालं होतं.

तुम्ही चहाला गेलात तेव्हा पूनम मला हात धरून उठवायला आली. कानाशी वाकून म्हणाली, "आजी, तुमी सारकं कड बदलून बसत व्हता. पित्ताच्या खड्यानं कुनी असं बसत न्हाय. माजी आजी असंच बसती."

गंगाधर, माझं अंग बाहेर येतं. बायका असंच म्हणतात. गर्भाशय खाली उतरणं म्हणतात ते हे. हे गेले त्याच्या आधीपासून आहे. देवळाच्या घागरी उचलल्या, बाळंतपणं झाली, अंग सावरायला वेळ मिळाला नाही. आता चालताना त्रास होतो, बसताना होतो, लघवीचं काही खरं नसतं. बसचा प्रवास नको तो यासाठी. गुडघे चांगले आहेत. शेजारीण कुणी नाही.

मी पूनमला हे सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. ती म्हणाली, "लाजायचं काय त्यात, असं मी म्हननार न्हाय. लाज वाटतीच. पन ह्येला विलाज हाय." तिची आजी तिकडं वस्तीवर मेंढरांमागं फिरते, तिचंही हेच. पूनमला ते लहानपणापासून माहीत, पण आजीला विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही. हे सांगताना तिचे डोळे भरून आले.

सईला काल सांगितलं. ती माझ्यावर चिडली, मग रडली.

मला ऑपरेशन करायचंय. तू सोबत येशील का एवढं कळव.

यशोदा


सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

येईन. हे पहिल्या ओळीत लिहिलंय.

तू माझ्या पत्रांतून वाट शोधत होतीस आणि मी तुला तेल लावायला सांगत होतो. आई गेली तेव्हा तू मला कडेवर घेऊन घरी आणलं होतंस, एवढं मला आठवतं. तुला काय होतंय हे मला विचारता आलं नाही.

त्या दिवशी तू निघून गेल्यावर मी पूनमला विचारलं होतं, "अक्का तुझ्याशी काय बोलत होती?" तिने माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "सर, त्या पेशंट हायेत." मला राग आला होता. आता तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

बाई डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझं नाव आणि वय सोडून मी काहीही सांगितलेलं नाही, बाकी तू सांग. पूनम म्हणाली की आजींना चालत असेल तर मॅडमची परवानगी काढून ती आत थांबेल. सई आणि तू मोटारीने या. ऑपरेशननंतर इथेच राहायचं. स्वयंपाक मी करेन. नावं ठेवायची नाहीत.

गंगाधर


करकंब
२२ फेब्रुवारी २०२६

चि. गंगाधरास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुझ्या हातचा मऊ भात इतके दिवस खाऊन आता सईच्या जेवणात मीठ जास्त वाटतं. वजन उचलू नका म्हणून ती माझ्या हातातून तांब्यासुद्धा काढून घेते. देवळापर्यंत चालत जाऊन आले. वाटेत कुठं थांबावं लागलं नाही.

तुझ्याकडं होते तेव्हा एक सांगायचं राहून गेलं. तू बाहेर बाकावर बसला होतास, तेव्हा आत काय झालं ते तुला कळायला हवं. कमरेत सुई दिली. त्याआधी माझ्या कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. सगळ्यांच्या तोंडावर फडकी, म्हणजे ओठही दिसेनात. माणसं हलत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मला वाटलं, आईचं असंच झालं असणार. मी उठायलाच बघत होते. तेवढ्यात उशाशी पूनम आली. तिनं माझा हात उलटा केला आणि तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढलं. "सुरू." मी डोळे मिटले. मग बऱ्याच वेळानं, "ठीक." मग "निम्मं झालं." मधे एकदा तिनं "सर भाईर हायेत" एवढं सगळं लिहिलं, ते मला दोनदा लिहून घ्यावं लागलं. मग "टाके." शेवटी "झालं."

आता दुसरं. गेल्या शनिवारी पूनम इथं आली. देवळात बसली, जेवली, आणि म्हणाली, "आजी, माझ्यासंगं वस्तीवर येता का? मला एकटीला न्हाय जमायचं." सई नको म्हणत होती. मी म्हटलं, मोटारीनं सावकाश जाऊ. गेलो.

तिची आजी, मायाक्का नाव, वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. पूनम समोर. तिला काही बोलता येईना, शहरातल्या माणसांना समजावून सांगणारी पोर ती. मग मीच सुरुवात केली. माझं काय होत होतं, कधीपासून, कसं लपवलं, सगळं. मायाक्का कोकराकडं बघत होती. म्हणाली, "बाईच्या जातीला असतंयच की." मी म्हटलं, "असतं, पण मला आता नाही." तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"दुखलं का लई?"

"नंतर दुखलं. खोटं कशाला सांगू. मग थांबलं."

"मेंढरांस्नी कोन बघनार?"

पूनमचा बाप बिरुदेव मागं उभा होता. आपल्या आईचं दुखणं त्याला त्या दिवशीच कळलं. तो तोंड फिरवून म्हणाला, "मी हाय की. मी काय मेलोय व्हय?"

मायाक्कानं कोकरू माझ्या मांडीवर दिलं. मग पूनमकडं बघून तिनं विचारलं, "तू असशील का तितं?"

पूनमनं आजीचा हात धरला. "असंन की. पर तू मला कदी सांगितलं का न्हाईस?"

"तू कदी इचारलंस?"

दोघी रडल्या. मी कोकरू सांभाळलं.

तर आता असं. २ मार्चला, सोमवारी, आम्ही तिघी तुझ्याकडं उतरतोय. मायाक्का, पूनम आणि मी. मायाक्काला दुसऱ्याच्या घरात पलंगावर झोप लागत नाही, ती आतल्या खोलीत जमिनीवर झोपेल आणि तिच्याशेजारी मी. तू बाहेर झोप. तिला पुरुषांसमोर बोलायचा संकोच आहे, तेव्हा पहिल्या दिवशी काही विचारू नकोस, नुसता चहा कर. साखर जास्त घाल.

तुझी,
अक्का